दहा लाख तीन

कवलापूर सोडलं की तासगाव रस्त्याला उजव्या हाताला
आमचं कोल्ड स्टोरेज.
मी तिथला दिवाणजी, जिनगोंडा मगदूम,
बी.एस्सी. गणित, शेवटचं वर्ष राहिलेलं.

बेदाण्याची पेटी पंधरा किलोची.
उघडल्या दिवसापासून प्रत्येक पेटीवर शिक्का,
एकापासून सुरू, क्रम कधी न मोडलेला.
या फाल्गुनात शिक्क्यात दहा लाख आले.
मालकांनी पेढे वाटले, पेटीला हार, फोटो.
तिच्या मागून तिसरी आली,
ती कुणी बघितली नाही.

दहा लाखात काय आहे?
दुवे सहा, पाचे सहा. कुठूनही फोडा.
दहा लाख एक जरा ताठ दिसतो,
पण एकशे एकानं गुपचूप जातो.
दहा लाख दोनला तर लहान पोरही फोडेल.
मग ही.

थप्पीवाला सिकंदर तांबोळी म्हणतो,
"कितीबी पेट्या आणा ओ, चौकोन बसवतो.
एक्क्याण्णव? तेरा साती.
सत्त्याण्णव तेवढ्या आणू नगा,
एक पेटी कोपऱ्यात एकटीच बसती."

रात्रपाळीला, कॉम्प्रेसरची धडधड ऐकत,
मी काटापट्ट्यांच्या पाठीवर भागाकार मांडले.
भाचा म्हणाला, मामा, फोन एका क्षणात सांगतो.
सांगत असेल.
मला विचारायचं नव्हतं, भागायचं होतं.

हजाराच्या आतल्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट.
पुढं जायला नको,
दोन भाजकांत एक धाकटा असतोच.
सातानं भागलं, बाकी चार.
अकरानं, चार.
तेरानं, चार. सदतिसानं, पुन्हा चार.
दारावरच्या काट्यातही चार अंश.
मी स्वेटरची वरची गुंडी लावली.

एकोणिसाव्या रात्री
चारशे एकोणपन्नासनं बाकी शून्य आली.
पेन्सिल खाली ठेवली.
बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.
इतकं वाईट का वाटावं,
एक आकडा फुटला, एवढंच तर झालं.
तीन वाजता परत मांडलं,
हातचा विसरला होता.
बाकी ऐंशी.
त्या ऐंशीवर मी दोन वेळा गोल केला,
मग लाजून खोडरबर फिरवलं.

शेवटचा नऊशे सत्त्याण्णव.
बाकी बारा.
उजाडलं होतं, वाशाण मारणारे बारदान
हमाल उन्हात टाकत होते.

सिकंदरला सांगितलं.
"म्हंजे चौकोन बसतच न्हाई?"
एकाच रांगेत बसेल.
"लांब किती?"
इथून जवळजवळ नाशिक.
"मग तिकडच्यांनाच उचलू द्या की."
थोडा वेळ तंबाखू मळत बसला.
"दोन थप्प्या केल्या तर? दोन्ही चौरस?"
नाही. चारानं भागून तीन उरतात,
असला आकडा दोन चौरसांत कधीच मावत नाही.
"तीन?"

हे मी बघितलंच नव्हतं.
दुपारी जेवणाचा डबा बाजूला सारून बघितलं.
पंचेचाळीसची एक, त्रेसष्टची एक,
आणि तिसरी
नऊशे सत्त्याण्णवची.
रात्री ज्याच्याकडून भाग गेला नाही
तोच सगळ्यात मोठी थप्पी घेऊन उभा.

"बसल्या न्हवं?" सिकंदर म्हणाला,
जणू त्यानंच रचल्या.
"मालकाला सांगा, तीन खोल्या बांधा."

पेटी सोमवारच्या सौद्यात गेली.
कुणीतरी फोडली, मूठ उधळली,
चार दाणे माझ्या चपलेखाली आले.
रजिस्टरात त्या आकड्याशेजारी
पेन्सिलीचा एक ठिपका आहे.
कुणी विचारलं तर शाई सांडली म्हणेन.

तीस ओळी खाली दहा लाख तेहेतीस.
त्याचाही मला वास येतोय.
दोनानं नाही.
तिनानं, बाकी एक.
पाचानं, तीन.
सातानं, सहा.